तुझ्या कुशीच्या रेघा

कैलास,

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी संगीतानं तुझी हवेची गादी धुवायला काढली. खोळीच्या आत, उशाकडच्या बाजूला, एक कागद निघाला. चार घड्या घातलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. तिनं तो उलगडला, बघितला आणि माझ्याकडं घेऊन आली. डोळ्यात पाणी होतं तिच्या, पण तोंडावर हसू होतं.

"नाना, वळखला का? माझी आई आजारी होती, मी पैठणला गेल्ते, तवाचा हाय. ह्यांनी जपून ठिवला बघा. अकरा दिवस तुमी कूस बदलली ह्यांची. एक बी रेघ चुकली नाय."

मोबाईलवरच्या तुझ्या गटातली माणसं, तुझ्यासारखीच मणका मोडलेली, तुझ्या मासिक श्राद्धाला एक छोटं पुस्तक काढणार आहेत. ज्यानं त्यानं तुझ्याबद्दल दोन शब्द लिहायचे. संगीता म्हणाली, "मागच्या पानावर हा कागद छापू. सेवा कशी असती ते कळू द्या लोकांना. आन् तुमी बी लिवा काईतरी."

मी कागद खिशात घातला आणि रोपवाटिकेत गेलो. सकाळी पाणी दिलेल्या पिशव्यांना परत पाणी देत बसलो.

कैलास, त्या रेघा खोट्या आहेत. तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. सून सहा वर्षं अंधारात राहिली आणि आता तोच कागद छापून चार लोकांत मला मोठं करायला निघाली. म्हणून लिहायला बसलोय. माझी शाळा चौथीपर्यंतची, अक्षर कोंबडीच्या पायासारखं. तू असतास तर म्हणाला असतास, नाना, तुमी सांगा, मी टाइप करतो. हे तुझ्या हातून लिहून घेण्यासारखं नाही.

शाळा चौथीची असली तरी मोसंबीचा डोळा भरण्यात मी कुणाला हार गेलो नाही. हर्सूलपासून पैठणपर्यंत किती बागांत माझ्या हातची झाडं उभी आहेत ते मी तुला सांगायला नको. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, खुंटाची साल चिरायची, चांगल्या झाडाचा डोळा काढून त्या सालीखाली सरकवायचा, वरून पट्टी आवळायची. चीर ओली असतानाच डोळा बसला पाहिजे, वाळली की बसत नाही. आणि मग एकवीस दिवस हात लावायचा नाही. रोप हलवायचं नाही, पिशवी उचलायची नाही. एकवीस दिवसांनी पट्टी सोडून बघायचं. डोळा हिरवा तर लागला, काळा तर गेला. एवढीच माझी विद्या. या विद्येचा मला लई गर्व होता आणि त्याच गर्वानं तुझं वाटोळं केलं.

पैठणच्या रस्त्याला टेम्पोवर उभा राहून तू रोपांवरचा दोर आवळत होतास. दोर तुटला. तू पाठीवर पडलास आणि खाली दगड होता. कमरेच्या वर चार बोटं, तिथून खाली तुला तुझं अंग कळेनासं झालं. सरकारी दवाखान्यात त्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशननंतर मला बाजूला घेतलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. पाय परत येतील असं धरून चालू नका. आणि याला पाठीला दुखलेलं, खुपलेलं कळणार नाही, म्हणून दर दोन तासांनी कूस बदला. मी पहिली गोष्ट ऐकली आणि तिथंच कान बंद केले.

तू मात्र पडल्या पडल्या मोबाईलवर वाचायला लागलास. एक दिवस मला जवळ बोलावलंस.

"नाना, मणक्यांच्या आतून दोरासारखी मज्जा जाती. मज्जारज्जू म्हणत्यात. माझा तिथं चेंगरलाय. त्यातल्या तारा आपल्याआपण परत वाढत नायत. तर शास्त्रज्ञ काय करत्यात, ज्या पेशी अजून पुऱ्या मज्जेच्या झाल्या नायत, व्हायच्या बेतात हायत, अशा कोवळ्या पेशी घेत्यात. पूर्वपेशी. त्या जखमेत सोडत्यात. तिथं त्या वाढत्यात, काही उघड्या पडलेल्या तारांवर नवी साल चढवत्यात."

मी म्हणालो, "मंग हा डोळाच झाला की!"

तू हसलास. "तसंच समजा. पण उंदरांत जमलंय, ते बी थोडं. माणसांत अजून बघायलेत, अपाय तर होत नाय ना, एवढंच. आन् जखम जुनी झाली की आत वण धरतो, तो आडवा येतो."

बस. बाकीचं मी ऐकलंच नाही. वण धरायच्या आत, म्हणजे चीर ओली असताना. हे मला कुणी शिकवायला नको होतं. तू उंदीर म्हणालास, थोडं म्हणालास, अजून बघायलेत म्हणालास, सगळं वाऱ्यावर. उस्मानपुऱ्यातल्या एका पाहुण्यानं जाहिरात दाखवली. दूरच्या मुलखात कुणी खाजगी डॉक्टर पेशींचं इंजेक्शन देतो, माणसं उभी राहतात. संगीता आडवी आली. "नाना, त्या बाईंना इचारलं मी. असं कुटं दुकानात मिळत नाय म्हणल्या. नगा नेऊ." मी म्हणालो, माझं पोरगं हाय, तू कालची आलेली. हे वाक्य मी म्हणालो. तू ऐकलंस.

तू मला म्हणालास, "येतो नाना. तुमच्या जिवाला बरं वाटंल म्हणून येतो."

त्या दवाखान्यात तू त्या माणसाला विचारलंस, "यात नेमकं काय हाय, साहेब?" तो म्हणाला, पेशी. तू म्हणालास, "कुणाच्या? कसल्या?" तो हसला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, लडका बहोत पढा-लिखा है. मी पण हसलो. मुलाला हसणाऱ्याबरोबर हसलो. कागदावर काय दिलं ते त्यानं लिहून दिलं नाही, नुसतं आराम करा म्हणाला.

घरी आलो आणि तिसऱ्या दिवशी संगीताच्या आईचं ऑपरेशन ठरलं. पोरीचा पाय निघत नव्हता. तिनं शाळेच्या वहीचं पान फाडलं, पट्टीनं चौकोन आखले, भिंतीवर चिकटवलं. "नाना, दर दोन तासांनी. डावी, उताणं, उजवी. बदलली की चौकोनात रेघ मारा, म्हंजी इसरणार नाय." मी म्हणालो, जा तू, मी काय लहान हाय का?

आता पुढचं.

मी तुला जेवू घातलं, दाढी केली, अंग पुसलं, केसांना तेल लावलं. एका गोष्टीत कसूर केली नाही. फक्त हलवलं नाही. आराम करा म्हणाला होता तो माणूस, त्याचा अर्थ मी माझ्या कामातून काढला. डोळा भरलेला आहे, पट्टी आवळलेली आहे, एकवीस दिवस. हलवलं तर आतलं निसटंल. पहिल्या दिवशी तू म्हणालास, "नाना, कूस?"

"गप पड. एकवीस दिवस हालायचं नाय."

"नाना, मी माणूस हाय, खुंट नाय."

"खुंट एवढं बोलत नाय," मी म्हणालो.

तू खदाखदा हसलास. मी पण हसलो. दुसऱ्या दिवशी परत म्हणालास, डॉक्टरीणबाईंचं नाव घेऊन म्हणालास. मी आवाज चढवला. तिसऱ्या दिवसापासून तू म्हणायचं सोडलंस. तुला दुखत नव्हतं, तुला काही कळतच नव्हतं, आणि बापाचा हात डोळा भरण्यात चुकत नाही हे तू लहानपणापासून बघत आला होतास. तू माझ्या हातावर भरवसा ठेवलास.

आणि मी रेघा मारत राहिलो. संगीता आली की भांडण नको म्हणून. एकदाच बसून सकाळच्या चारही मारून टाकायचो. तू पडल्या जागेवरून बघायचास. तिचा फोन यायचा, "बदलली का कूस?" मी म्हणायचो, बदलली. फोन तुझ्या कानाला लावायचो. तू पण म्हणायचास, "व्हय, बदलली."

बाराव्या दिवशी ती आली. पिशवी खाली ठेवली, हात धुतले आणि आधी तुला कुशीवर वळवलं. माकडहाडावर लिंबाएवढा काळा डाग होता.

काळा, कैलास. डोळा काळा पडला की गेला, हे मी पन्नास वर्षं लोकांना सांगत आलो. आणि तिथं उभा राहून मला कळंना की हे काय आहे.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई चिडल्या. "कोण बघतं यांच्याकडे?" संगीता पुढं झाली. "मी." मग तिनंच कारण शोधलं. "मी जायच्या आधी चादरीला घडी राहिली असंल. मी नीट बघितलं नाय. नानांनी तर येळच्या येळी..." आणि भिंतीवरून काढून आणलेला तो कागद तिनं पर्समधून काढून दाखवला. बाईंनी कागद बघितला, माझ्याकडं बघितलं. त्यांना संशय आला असावा. मी छताच्या पंख्याकडं बघत उभा राहिलो. तू स्ट्रेचरवर पालथा होतास, तुझं तोंड माझ्याकडं होतं. तू काही बोलला नाहीस. मी पण नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तरी. पुढं पाहुणे बघायला आले, कुणीतरी म्हणालं, अशी जखम कशी काय झाली? आणि मी, तुझा बाप, ओसरीत बसून म्हणालो, "घरातली बाई घरात नसली की असंच व्हतं." आतल्या खोलीत ती तुझी जखम धूत होती. दार उघडं होतं.

तेव्हापासून संगीताला चादरीची खोड लागली. दिवसातून दहादा तुझी चादर ओढायची, तळहातानं सारखी करायची, परत ओढायची. मी बघायचो. दर वेळी जिभेवर यायचं आणि परत आत जायचं.

जखम भरली, उघडली, शिवली, परत उघडली. तू तिच्यासकट जगायला शिकलास. चाकाची खुर्ची आली. मी म्हणालो, डोळे भरायचं काम उकिडवं बसूनच व्हतं, खुर्चीत बसून काय भरतो? तू टेबल करून घेतलंस, पिशव्या टेबलावर मांडल्यास. पहिल्या हंगामात तुझ्या माझ्या शेजारी शेजारी रांगा होत्या. पट्ट्या सोडल्या तर तुझे डोळे माझ्यापेक्षा जास्त हिरवे निघाले. मी म्हणालो, यंदा हवा बरी होती. दुसऱ्या हंगामात परत तेच. मी म्हणालो, तुला खुंट चांगले मिळाले. तू म्हणालास, "पुढच्या वर्षी खुंट तुमी निवडा, नाना." मी निवडले. परत तेच झालं. तेव्हा मी रांगच बदलली, तुझी रांग माझ्यापासून लांब नेली. लेका, तुझा हात माझ्यापेक्षा चांगला होता. एवढं एक वाक्य मला तुझ्या तोंडावर बोलता आलं नाही.

मग तो फोन. तुला कळलं की एका मोठ्या शहरात त्याच कामासाठी, मज्जेच्या पूर्वपेशी मणक्यात सोडून बघायला, माणसं निवडणार आहेत. रीतसर, तपासून, आणि सगळं लिहून ठेवून. किती दिवसांनी तुझा चेहरा असा उजळला होता. तू फोन स्पीकरवर ठेवलास. तिकडच्या मुलीनं विचारलं, याआधी कुठं पेशींचं इंजेक्शन घेतलंय का? मी तुझ्यासमोर हात हलवला, नाय म्हण, नाय म्हण. तू माझ्याकडं बघत बघत म्हणालास, "व्हय, घेतलंय. काय होतं ते माहीत नाय." तिनं विचारलं, पाठीला जखम आहे का? तू म्हणालास, "हाय. उघडी हाय."

दोन्ही कारणांनी तुझं नाव यादीतून गेलं. दोन्ही माझी करणी.

फोन ठेवल्यावर मी तुझ्यावर ओरडलो. खरं बोलून काय पदरात पडलं तुझ्या? एक शब्द दाबला असता तर काय आभाळ कोसळलं असतं?

तू शांतपणे म्हणालास, "नाना, ते लोक शिकायलेत अजून. माझं खोटं त्यांच्या कागदावर गेलं, तर माझ्यानंतर जो येईल त्याला चुकीचं औषध जाईल. मला नाय मिळालं तरी चालतंय. कागद खरा पायजे."

बोलताना तू भिंतीकडं बघत होतास, जिथं तेव्हा संगीताचे चौकोन चिकटवले होते तिकडं. मला वाटलं, आता त्या रेघांचं बोलशील. तू म्हणालास, "च्या मांडायला सांगा."

त्याच आठवड्यात तू गट सुरू केलास. कुणी नवीन पडलेला माणूस आला की त्याला आधी सांगायचास, दुकानातल्या पेशींच्या नादी लागू नका, कोण देतंय, काय देतंय, लिहून मागा. दिवसाउजेडी दर दोन तासांनी सगळ्यांना तुझा निरोप जायचा, कूस बदला. आणि घरच्यांना वेगळं सांगायचास, "आधी कूस, मग रेघ." लोकांना वाटायचं, कैलासभाऊची ही एक बोलायची तऱ्हा. बाजूला बसलेल्या मला काय वाटायचं ते तुला ठाऊक होतं. माझ्यावर राग नव्हता तुझ्या आवाजात, हेच मला जड जायचं.

शेवटी माकडहाडावरच्या त्याच जखमेनं तुला नेलं. विष हाडात उतरलं, मग रक्तात. डॉक्टरीणबाई आता तिथल्या मोठ्या बाई झाल्यात. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुम्ही खूप केलंत आजोबा." मी परत पंख्याकडं बघितलं.

कागद खिशात घेऊन मी दोन दिवस फिरलो. हे नुसतं लिहून छापायला द्यावं आणि तिनं छापलेलं वाचावं, असं मनात आलं होतं. खोटं कशाला बोलू, तोच सोपा रस्ता वाटत होता. मग वाटलं, आयुष्यभर हेच केलं, दुसऱ्याच्या पाठीमागं काम उरकलं. तिसऱ्या दिवशी संगीता अंगणात शेंगा सोलत होती, तिच्यापुढं जाऊन बसलो आणि सांगितलं. पट्टी, एकवीस दिवस, रेघा, सगळं. ती शेंगा सोलत राहिली. मग एकच विचारलं.

"ह्यांना ठाऊक व्हतं?"

"व्हय."

तिचे हात थांबले. "म्हंजी दोघांनी मिळून." उठली, परत बसली. "नाना, सा वर्षं मी चादरी वढल्या. झोपंत बी हात चालायचा माझा. आन् तुमी दोघं बाप-लेक एकमेकांची तोंडं बघत बसलात?"

कैलास, हे मात्र तुझ्याशी भांडायचं राहिलं. तू त्यांच्या कागदावर खोटं जाऊ दिलं नाहीस, मग घरातल्या कागदावरचं का चालवून घेतलंस? बापाचा मान राखायला? माझा मान राखलास आणि तिचा घालवलास. तुझ्या गुणांत एवढी एक चूक आहे, आणि ती पण माझ्यापायी. आज समोर असतास तर यावर तुझ्याशी भांडलो असतो आणि या खेपेला माझी बाजू खरी असती. तुझं उत्तर ऐकायला मी काय पण दिलं असतं.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढायची, निघून जायची. तिसऱ्या दिवशी वही आणि पेन आणून माझ्यासमोर ठेवलं.

"लिवा. समदं लिवा. 'घरातली बाई' म्हणला व्हता ते बी लिवा. मी दाराआडून ऐकलं व्हतं."

लिहिलं, पोरी. वर लिहिलं आहे. ज्या पाहुण्यांसमोर बोललो त्यांच्या घरी हे पुस्तक मी माझ्या पायानं जाऊन देणार आहे. माफी मागत नाही. मागितली तर तिला द्यावी लागेल, आणि तिच्यावर आणखी एक काम टाकायचं नाही मला.

तुझ्या गटातल्या माणसांनो, तुम्ही हे वाचाल. तुमच्यातल्या कुणाच्या घरी माझ्यासारखा म्हातारा असेल, ज्याला सगळं कळतं, तर त्याला वाचून दाखवा. कैलास ज्या पूर्वपेशींची वाट बघत होता त्या कधीतरी तुमच्यापर्यंत येतील, नाहीतर तुमच्यानंतरच्यांपर्यंत. त्या येतील तेव्हा पाठ धड पाहिजे.

मी संगीताला विचारलं, "आन् ह्या कागदाचं काय?"

"तुमीच सांगा," ती म्हणाली.

तो छापायचा नाही. मी नवं पान घेतलं आणि तिच्यासारखेच पट्टीनं चौकोन आखले. दर दोन तासाला एक. डावी, उताणं, उजवी. वर तुझं वाक्य घातलं, आधी कूस, मग रेघ. मागच्या पानावर हा रिकामा कागद छापा, ज्याचा त्यानं भरावा.

आखून होता होता पेन उमटंना झालं. चालतंय का बघावं म्हणून सवयीनं पहिल्या चौकोनात रेघ मारायला गेलो. हात तिथंच थांबला. मग पेन माझ्या तळहातावर ओढून बघितलं.